अमेरिकेत बाळंतपण झालं, आता पुढच्या व्हिसाचं काय?

छत्रपती संभाजीनगरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. पती वाळूजच्या एका कंपनीत इंजिनिअर, मूळ गाव परभणी जिल्ह्यात. पत्नीला २०१७ मध्ये अमेरिकेचा दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा मिळाला. २०१८ मध्ये ती डॅलसला सख्ख्या बहिणीकडे गेली तेव्हा सहावा महिना चालू होता. मुलगा तिकडेच झाला, बिल घरच्या पैशातून भरलं, मायलेकरं मुदतीच्या आत परत आली. मुलाकडे अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारत देतो ते) आहे. आता व्हिसा संपत आलाय, कंपनी पतीला एल-१ वर (कंपनीच्याच अमेरिकेतल्या शाखेत बदलीचा व्हिसा) पाठवायचं म्हणतेय, आणि एका एजंटानं सांगितलंय, "बाळंतपणाचा विषयच काढू नका. जुना पासपोर्ट हरवला म्हणून नवा काढा, पाटी कोरी होते."

पाटी कोरी होत नाही, आणि तुमच्या बाबतीत ती पुसायची गरजही नाही.

पर्यटक व्हिसावर गेलेली बाई तिकडे बाळंत झाली, एवढ्या एकाच कारणावरून कायमची बंदी घालणारं कलम अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात नाही. नियम बदलला तो २४ जानेवारी २०२० ला. त्या दिवसापासून मुलाला जन्मानं नागरिकत्व मिळवून देणं हाच प्रवासाचा मुख्य हेतू असेल तर तो बी (पर्यटक) व्हिसाच्या 'पर्यटना'त बसत नाही. अर्जदार तिथल्या मुक्कामात बाळंत होणार असं व्हिसा अधिकाऱ्याला सकारण वाटलं, की हेतू नागरिकत्वाचाच, असं तो गृहीत धरतो; तसं नाही हे पटवून द्यायची जबाबदारी अर्जदारावर येते. तुमचा व्हिसा २०१७ चा, प्रवास २०१८ चा. दोन्ही या नियमाच्या आधीचे. व्हिसा घेतला तेव्हा वहिनींना दिवसही गेलेले नव्हते, म्हणजे अर्जात हेतू लपवला असं म्हणायला जागाच नाही.

राहतो तो विमानतळावरचा प्रसंग. तिथल्या अधिकाऱ्यानं "कशासाठी आलात" विचारलं, वहिनींनी "बहिणीकडे" सांगितलं, गरोदरपणाचं त्यानं विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. हा फरक नीट समजून घ्या. न विचारलेलं न सांगणं आणि विचारल्यावर खोटं सांगणं या अमेरिकन व्हिसा कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसतं गप्प राहणं म्हणजे दिशाभूल, असं ते धरत नाहीत. "तुम्ही गरोदर आहात का" या प्रश्नाला ढगळ कुर्ता सावरत "नाही" म्हटलं असतं, तर आज मी तुम्हाला आधी वकील गाठायला सांगितलं असतं.

आता त्या एजंटाच्या सल्ल्याकडे येऊ. तो फुकट दिला असेल तरी महागात पडेल.

व्हिसा नाकारायची दोन कलमं तुमच्या कामाची आहेत. पहिलं २१४(बी). त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही तिकडेच राहणार नाही, परत याल, हे अधिकाऱ्याला पटलं नाही. आपल्याकडे व्हिसा नाकारला गेलेल्या बहुतेकांच्या हातात हाच कागद असतो. तो कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की पुन्हा अर्ज करता येतो, आणि लोकांना पुढे व्हिसा मिळालेलाही आहे. दुसरं कलम २१२(ए)(६)(सी): जाणूनबुजून, महत्त्वाच्या मुद्द्यावर खोटं बोलून व्हिसा किंवा प्रवेश मिळवला किंवा मिळवायचा प्रयत्न केला. याला मुदत नाही. पंचवीस वर्षांनी अर्ज केला तरी ते कलम समोर उभं असतं. पर्यटक, विद्यार्थी, नोकरी, ग्रीन कार्ड, सगळ्या व्हिसांना ते लागतं. तात्पुरत्या व्हिसासाठी त्यातून सूट मागता येते. ती द्यायची की नाही हे सरकारच्या मर्जीवर. ग्रीन कार्डासाठी सूट मागायची तर तुमचा नवरा, बायको, आई किंवा वडील अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावे लागतात. मुलगा त्या यादीत नाही. म्हणजे ज्या लेकराच्या नागरिकत्वासाठी लोक खोटं बोलतात, त्याच्या नागरिकत्वाचा त्या खोट्यातून सुटायला काडीचा उपयोग होत नाही.

आणि 'हरवलेल्या पासपोर्ट'चं म्हणाल तर डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात सरळ विचारलेलं असतं: तुमचा पासपोर्ट कधी हरवला किंवा चोरीला गेला का? अमेरिकेचा व्हिसा कधी हरवला का? आधी अमेरिकेला गेला होता का, कधी, किती दिवस? एका बनावापायी तीन खोटी उत्तरं तयार झाली. शिवाय दहाही बोटांचे ठसे २०१७ लाच त्यांच्याकडे गेलेले आहेत, पासपोर्टचा नंबर बदलल्यानं बोटं बदलत नाहीत. मुलाचा अमेरिकन पासपोर्ट काढताना भरलेल्या फॉर्मवर आईवडिलांची नावं, जन्मतारखा, जन्मस्थळं तुम्हीच लिहिली आहेत, आणि व्हिसा देणारा व पासपोर्ट देणारा विभाग तिकडे एकाच खात्यात आहे. इकडे भारतात पासपोर्टसाठी खोटी माहिती देणं हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा, आणि पोलीस ठाण्यात खोटी तक्रार हे वेगळं लचांड. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अर्जात प्रत्यक्ष काय विचारतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, त्यामुळे नको तिथे घाबरतात आणि हवं तिथे चुकतात. आईवडील सोडून जवळचे नातेवाईक अमेरिकेत आहेत का, असा प्रश्न आहे. त्यात जोडीदार, मुलं, सख्खी भावंडं येतात. तुमचा मुलगा संभाजीनगरला शाळेत जातो, तो आज अमेरिकेत राहत नाही, म्हणून त्याला इथे दाखवायची गरज नाही. पण डॅलसची बहीण? ती दाखवलीच पाहिजे, तिचा जो काही व्हिसा किंवा दर्जा आहे त्यासह. गंमत अशी की लोक लेकराच्या चिंतेत बुडालेले असतात आणि बहिणीच्या रकान्यात बिनधास्त 'नाही' ठोकून येतात. "बहीण आहे म्हटलं की व्हिसा देत नाहीत" असं कुणीतरी सांगितलेलं असतं. मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खातीही अर्जात लिहावी लागतात. डॅलसमधल्या डोहाळजेवणाचे फोटो अजून फेसबुकवर असतील तर घाईघाईनं काढायला जाऊ नका. फोटोत काही गैर नाही. एका कुटुंबानं मात्र पाळण्याच्या फोटोखाली 'आमचा अमेरिकन पासपोर्टवाला राजा, मोहीम फत्ते' असं लिहिलं होतं. अशी ओळ अधिकाऱ्याच्या हाती पडली तर मुख्य हेतू काय होता हे त्याला वेगळं विचारावं लागत नाही.

आता मुलाखत. २ सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतून सूट मिळण्याचे प्रकार बरेच आटलेत. पूर्ण मुदतीच्या बी-१/बी-२ व्हिसाचं नूतनीकरण, व्हिसा संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत केलं, तर सूट मिळू शकते; तरी अधिकाऱ्याला वाटलं तर तो बोलावतोच. बोलावलं असं धरूनच तयारी करा. देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर जागत येऊन सकाळी थेट बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत रांगेत उभं राहणारे मी पाहतो. तसं करू नका, आदल्या दिवशी मुंबई गाठा. इंग्रजीत अडखळत असाल तर मराठीत बोला. तिथे मराठी चालतं, आणि अर्धवट इंग्रजीत दिलेलं उत्तर भलत्याच अर्थानं टिपलं जाऊ शकतं.

काचेपलीकडून प्रश्न साधारण असे येतात. मागच्या वेळी कधी गेला होता? किती दिवस राहिलात? एवढे दिवस का? मुलं किती? कुठे जन्मली? उत्तर सरळ द्यायचं: "२०१८ मध्ये बहिणीकडे गेले होते. सहावा महिना होता. बाळंतपण तिथेच झालं. बिल आम्ही भरलं, पावत्या आहेत. मुदतीत परत आलो. मुलगा आता इथे शाळेत आहे." संपलं. त्यापुढे भाष्य नको. "आम्हाला नागरिकत्वाचा मोह नव्हता हो साहेब" हे न विचारता बोललात तर तो सावध होतो. पण "तिकडेच बाळंत व्हायचं असं आधी ठरवलं होतं का" असं त्यानं विचारलं, आणि ठरवलं होतं, तर तसं सांगा. बहीण जवळ होती, इकडे आईची तब्येत बरी नव्हती, जे खरं कारण असेल ते. २०१८ च्या ठरवण्याला आजचा नियम चिकटत नाही. आज बोललेल्या खोट्याला मात्र ते कायमचं कलम चिकटतं. गोंधळात काही चुकीचं तोंडून गेलंच, तर तिथल्या तिथे, अधिकाऱ्यानं पकडायच्या आत, "मी चुकीचं सांगितलं, खरं असं आहे" म्हणा. वेळेवर केलेली दुरुस्ती ते मानतात.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो बिलावर. माझ्या अनुभवात नागरिकत्वापेक्षा "पैसे कुणी भरले" हाच प्रश्न खोदून विचारला जातो. अमेरिकेत रुग्णालयाचं बिल एक नसतं. रुग्णालयाचं वेगळं, प्रसूतितज्ज्ञाचं वेगळं, भूलतज्ज्ञाचं वेगळं, बाळाच्या डॉक्टरांचं आणि प्रयोगशाळेचं वेगळं. लोक रुग्णालयाचं पॅकेज भरून निवांत होतात आणि भूलतज्ज्ञाचं बिल बहिणीच्या जुन्या पत्त्यावर पडून राहतं. तेव्हा प्रत्येक ठिकाणाहून दोन कागद मागवा: तपशीलवार बिल, आणि बाकी शून्य असल्याचं पत्र. त्याला जोडून पैसे कुठून गेले त्याचा पुरावा, म्हणजे कार्डचं स्टेटमेंट किंवा तुमच्या बँकेतून डॉलर पाठवल्याचा कागद. २०१८ चं रेकॉर्ड आहे, रुग्णालयं ते अनंत काळ ठेवत नाहीत, म्हणून ईमेल आजच टाका.

इथे एक गल्ली आहे जिच्यात भले भले अडकलेत. बाळंतपणाच्या वेळी रुग्णालयातला आर्थिक सल्लागार काही फॉर्म पुढे करतो आणि 'सही करा, बिल कमी होईल' म्हणतो. त्यातला एक प्रकार रुग्णालयाच्या स्वतःच्या सवलतीचा असतो. रोखीनं भरणाऱ्याला सूट, धर्मादाय सूट वगैरे. ती सरकारी मदत नाही. दुसरा प्रकार तातडीच्या मेडिकेडचा. तो सरकारी पैसा, आणि त्यासाठी 'मी याच राज्यात राहते' अशा अर्थाची माहिती भरून घेतात. पर्यटक म्हणून आलेल्या बाईनं तसं लिहून दिलं असेल तर पुढच्या मुलाखतीत दोन प्रश्न एकदम उभे राहतात: सरकारी खर्चावर बाळंतपण का केलं, आणि पर्यटक होतात तर रहिवासी कशा? तुम्ही घरच्या पैशातून भरलं म्हणता, ठीक. पण कागदावर खात्री करा. रुग्णालयाच्या बिलिंग विभागाला 'पैसे भरणारा कोण म्हणून नोंद आहे' एवढं लेखी विचारा. मेडिकेडचं नाव निघालं तर त्या राज्याच्या खात्याला परतफेड करता येते का ते लेखी विचारा आणि तो पत्रव्यवहार फाइलला लावा. न सांगता गेलात आणि अधिकाऱ्यानं सांगितलं, तर बोलण्याची बाजू गेली.

मुक्कामाच्या मुदतीबद्दल तुमचं ठीक आहे, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहायची मुदत आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर लिहिलेली, बहुधा सहा महिने. एक दिवस जरी जास्त राहिलात तरी तो व्हिसा रद्द ठरतो. १८० दिवसांपेक्षा जास्त आणि वर्षाच्या आत बेकायदा राहून परतलात तर तीन वर्षं बंदी, वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात तर दहा वर्षं. बाळ काचेच्या पेटीत होतं, आईला उठवत नव्हतं, ही कारणं खरी असतात. पण त्यासाठी मुदत संपायच्या आत मुदतवाढीचा आय-५३९ अर्ज भरायचा असतो. नंतर सांगितलेलं कारण कितीही खरं असलं तरी उशिराच ठरतं.

एल-१ ची बातमी तुमच्यासाठी चांगली आहे. २१४(बी) चं 'हा तिकडेच राहणार' हे गृहीतक एल व्हिसाला आणि एच-१बी ला लागूच होत नाही. म्हणजे "मुलगा अमेरिकन आहे, तुम्ही तिकडेच राहाल" हा पर्यटक व्हिसातला संशय तुमच्या एल-१ ला किंवा वहिनींच्या एल-२ ला (एल-१ वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) अडवत नाही. खोटं बोलण्याचं कलम मात्र इथेही लागतं. माझं मत विचाराल तर कंपनीची मंजुरी वर्षभरात येणार असेल तर वहिनींचा बी व्हिसा आत्ता नूतनीकरणाला टाकू नका. एल-२ सोबत करा. बी व्हिसात नकार आलाच तर पुढच्या प्रत्येक अर्जात, कॅनडा असो की इंग्लंड, 'कधी व्हिसा नाकारला का' या रकान्यात तो लिहावा लागेल. विनाकारण ओढवून का घ्या? जुना व्हिसा अजून चालू आहे, मध्ये खरंच जायची वेळ आली तर त्यावर जाता येईल; बिलाच्या पावत्या हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको.

आता ज्यांच्या घरात आज कुणाला दिवस गेलेत आणि मनात हाच बेत आहे, त्यांच्यासाठी. लातूर, नांदेडकडून असे फोन येतात. "पॅकेज घेतलंय, फक्त व्हिसाचं तेवढं बघा." मी असं काम घेत नाही. २०२० नंतर तो व्हिसाचा वैध हेतूच नाही, मग फाइल 'बघायची' म्हणजे काहीतरी लपवायचं. आधीपासून व्हिसा असेल तरी विमानतळावरचा अधिकारी तो रद्द करून परत पाठवू शकतो. तडकाफडकी परत पाठवण्याचा रीतसर आदेश काढला तर पाच वर्षांची बंदी. बहुतेक प्रवास विम्यांत बाळंतपण आणि नवजात बाळाचा खर्च बसत नाही, आणि बाळ अकाली जन्मलं तर पेटीतले दिवस घर गहाण टाकायला लावतात. उपचारासाठीच जाणं भाग असेल, इकडे न होणारं काही असेल, तर तो मार्ग उघडा आहे: तिथल्या डॉक्टरांनी रुग्ण घ्यायचं लेखी कबूल केलेलं, खर्चाचा अंदाज, आणि तो भरायची ऐपत, हे तिन्ही दाखवून. आणि गरोदर बाईला भावाच्या लग्नाला जायचंच असेल तर तेही अशक्य नाही. खरं सांगा, प्रसूतीची अपेक्षित तारीख लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र ठेवा, आणि त्याच्या बरंच आधीचं परतीचं तिकीट.

नागरिकत्वाचंच आकर्षण असेल तर त्याचा हिशेबही करून बघा. जन्मानं नागरिकत्व १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीतून येतं. ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ ला काढलेल्या आदेशानं तात्पुरत्या व्हिसावरच्या आईच्या बाळाला, वडीलही नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील तर, ते नाकारायचं ठरवलं. न्यायालयांनी आदेश रोखला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तो आदेश तीस दिवसांनंतर जन्मणाऱ्या बाळांपुरता होता, तुमच्या २०१८ च्या मुलाचा त्याच्याशी संबंध नाही. "मुलगा अमेरिकन झाला की आपली सोय झाली" असं पारावर बोलतात. मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत आईवडिलांसाठी अर्जही करू शकत नाही, आणि आईवडिलांनी आधी खोटं बोललेलं असेल तर एकविसाव्या वर्षीही तेच कलम आडवं येतं. अमेरिकन नागरिक जगात कुठेही कमावला तरी त्याला तिकडे कर विवरणपत्र भरावं लागतं, आणि अमेरिकेत कधी राहिलाच नाही तर पुढे परदेशात जन्मलेल्या स्वतःच्या मुलांना तो ते नागरिकत्व सहसा देऊ शकत नाही.

बाकी देशांचं लवकर आटपतो. इंग्लंडमध्ये १ जानेवारी १९८३ पासून नुसत्या जन्मानं नागरिकत्व नाही. आई किंवा वडील नागरिक किंवा कायम रहिवासी लागतात. ऑस्ट्रेलियात १९८६ पासून, आयर्लंडमध्ये २००५ पासून तसंच. इंग्लंडमध्ये पर्यटक बाई बाळंत झाली तर एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) तिला परत पाठवत नाही, पण बिल लावतं, आणि ५०० पौंड किंवा जास्त थकबाकी राहिली तर पुढचा व्हिसा त्यावरून नाकारता येतो. कॅनडा जन्मानं नागरिकत्व देतो. अर्जात चुकीची माहिती दिली तर पाच वर्षं दार बंद. आखाती देशांत नागरिकत्वाचा प्रश्नच नाही, तिथे बाळ झालं तर भारतीय दूतावासात वर्षाच्या आत जन्मनोंद करा आणि बाळाचा भारतीय पासपोर्ट काढा.

तुमच्या पत्रात ज्याबद्दल काही विचारलेलं नाही, तिकडे वळतो. मला खरी काळजी आहे ती मुलाच्या कागदांची.

सोळा वर्षांखालच्या मुलाचा अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. २०१८ चा पासपोर्ट २०२३ ला संपला. नवा काढला का? तुम्ही लिहिलं नाही, आणि अनेक घरांत तो कपाटात तसाच पडलेला सापडतो. अमेरिकेत तो मुलगा अमेरिकन पासपोर्टवरच जाऊ शकतो. त्याला तिकडचा व्हिसा मिळत नाही. तुम्हाला एल-१ मिळाला आणि लेकराचा पासपोर्ट संपलेला, तर तिघांची तिकिटं अडतील. लहान मुलासाठी दोन्ही पालकांची संमती आणि मुलासह प्रत्यक्ष हजेरी लागते. नवा पासपोर्ट आला की तीन महिन्यांच्या आत ओसीआयच्या संकेतस्थळावर त्याची प्रत आणि ताजा फोटो चढवायचा. विसाव्या वर्षापर्यंत दर नव्या पासपोर्टला हे करायचं असतं.

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मुलाचा अमेरिकन पासपोर्ट असताना भारतीय पासपोर्ट काढायचा मोह झाला असेल तर सोडा. आणि एक प्रकार आपल्या भागात चालतो, तो तर अजिबात नको: गावच्या ग्रामपंचायतीतून 'घरी जन्म' अशी उशिराची नोंद करून दाखला घ्यायचा, म्हणजे शाळेत, दाखल्यांत सोपं जातं. एका मुलाची दोन जन्मगावं झाली. शाळेच्या निर्गम उताऱ्यावर जिंतूर तालुका आणि पासपोर्टवर टेक्सास. ज्या दिवशी कुणी दोन्ही कागद शेजारी ठेवेल त्या दिवशी खोटा दाखला गेला, ओसीआय धोक्यात, आणि तुमच्या व्हिसाच्या फाइलवर 'हे कुटुंब कागद बनवतं' हा ठसा उमटला. शाळेत टेक्सासचाच जन्मदाखला द्या. शाळा घेतात.

पुढे बारावीनंतर काय, हे आत्ताच बघून ठेवा. मराठवाड्यात पोरगं दहावी झालं की लातूरला क्लास लावायचा आणि नीटच्या मागे लागायचं, हे घरोघरी ठरलेलं. ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं ओसीआय मुलांना भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागा बंद केल्या, एनआरआय जागाच ठेवल्या. सर्वोच्च न्यायालयानं ३ फेब्रुवारी २०२३ ला सांगितलं की ही अडवणूक ४ मार्च २०२१ नंतर परदेशात जन्मून ओसीआय झालेल्यांनाच लागेल. तुमचा मुलगा त्याआधीचा, त्यामुळे तो वाचला. ओसीआय कार्ड त्या तारखेआधीचं आहे हे दाखवणारी जुनी प्रत जपून ठेवा. पण राज्याच्या प्रवेशफेरीत वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला मागतात, आणि सेतू केंद्रात भारतीय राष्ट्रीयत्वाचा दाखला अमेरिकन नागरिकाला मिळणार नाही. त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत ओसीआयबद्दल काय लिहिलंय ते शब्द न शब्द वाचा, क्लासवाल्याच्या तोंडी हमीवर राहू नका. २०२१ नंतर जन्मलेल्या मुलांचे आईबाप एकीकडे हैदराबाद गॅझेटमधली कुणबी नोंद शोधत तहसीलला खेटे घालतात आणि लेकरू अमेरिकन पासपोर्टवर आहे हे विसरतात, याचं मला नवल वाटतं.

जमिनीचं तुम्ही विचारलं नाही, पण परभणीकडे शेत आहे म्हणून लिहितो. ओसीआय असलेल्या माणसाला भारतात घर, प्लॉट घेता येतो. शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित शेत वारसानं त्याच्याकडे येऊ शकतं, सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागू शकतं. शेजारचे दोन एकर त्याच्या नावानं घेऊन ठेवायचा विचार आजोबांच्या डोक्यात असेल तर ते तुमच्या किंवा वहिनींच्या नावानं घ्या.